ओटोचं लग्न

२ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांकडून परत येताना मार्लिस म्हणाली, "आज बुधवार. गाडी डेलियाच्या दुकानावरून घे."

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की डावा डोळा गेल्यातच जमा आहे आणि उजव्यातला मधला डाग वाढत जाणार. कडेकडेने धूसर दिसेल, तेवढंच राहील. वाचणं, शिवणं, माणसाचा चेहरा ओळखणं संपलं. आणि हिला डेलियाच्या दुकानात आज येणारं कॉमिक आठवतंय!

मी शाळेत बर्फावरची हॉकी शिकवली, साठी उलटेपर्यंत. कॉमिक ही पोरांच्या दप्तरातून जप्त करायची वस्तू, एवढाच माझा तिच्याशी संबंध. दुकानदारीण डेलिया नववीत होती तेव्हा तिचीही तीन केली होती जप्त. अजून मागते. मार्लिसचं वेगळं. ती शाळेची बस चालवायची. चौऱ्याहत्तर साली शेवटच्या बाकावर कुणाचा तरी 'ब्रेकवॉटर'चा पहिला अंक राहिला होता. ऑफिसात जमा करायच्या आधी जरा चाळला, ती बाई आज बावीस वर्षं चाळतेच आहे.

ब्रेकवॉटर म्हणजे नेल कॅरो. दिवसा बंदरावर मुकादम, आणि वेळ आली की निळा अंगरखा. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला बांध असतो ना, तशी ही बाई. हात वर केला की पाणी थांबतं. सोबतीला ओटो नावाचा म्हातारा कोळी. आजवर मला एवढंच माहीत होतं.

उन्हाळाभर मार्लिस भिंगाने वाचत होती. आज घरी आल्यावर तिने भिंग खणात टाकलं, अंक माझ्या हातात दिला. "वाच. नुसते बोलण्याचे फुगे वाचू नकोस, चित्रंही सांग."

"एक बाई उभी आहे."

"कुठे?"

"धक्क्यावर."

"अंगावर काय आहे?"

"कपडे."

"गॉर्डी!"

मग जमलं हळूहळू. मोठा पूर येतो, खालची आळी बुडायला लागते, ओटो होडी घेऊन लोकांना काढायला जातो. नेल धक्क्यावर येते. शेवटची दोन पानं मी आधी नजरेखालून घातली. ती हात वर करते आणि पाणी थांबत नाही. ओटोची होडी उलटते. शेवटच्या चौकटीत नुसती टोपी तरंगतेय. या अंकापासून लेखक नवा आहे म्हणे. कुठून धरून आणला कोण जाणे.

मार्लिस माझ्या समोर बसली होती. माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत. आता अशीच बघते.

"थांबलं पाणी," मी म्हणालो.

"थांबलं?"

"एकदम. भिंतीसारखं उभं राहिलं. ओटो खाली होडीत बसून टोपी हलवतोय."

"आणि नेलचा हात कसा काढलाय?"

"वर. पाचही बोटं पसरलेली, ताठ."

"पाचही दिसतायत?"

"पाचही."

"वा!" ती म्हणाली. "सुधारला म्हणायचा."

कोण सुधारला ते काही कळलं नाही. पण हसली, ते बरं झालं. आयुष्यात मी कुठल्या संघाला खोटा स्कोअर सांगितलेला नाही. पण आजचा दिवस तसा नव्हता.


१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी रिंकवर, बर्फाच्या मैदानात, आम्हा म्हाताऱ्यांचा हॉकीचा खेळ असतो. तिथून घरी फोन केला, दूध आणू का म्हणून. बराच वेळ फोन गुंतलेला. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "फार्गोला बहिणीशी बोलत होते." एवढं काय बोलतात, देव जाणे.

दुपारी एका बाईचा फोन. माय यांग. सरकारतर्फे अंध लोकांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवते. डॉक्टरांनीच नाव दिलंय म्हणाली. मी म्हटलं, आत्ता नको. बायको अजून सावरलेली नाही, शब्द काढला तरी कोसळेल.

मार्लिस तळघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. शीळ वाजवत होती, म्हणून तिला फोन ऐकू गेला नाही.


६ नोव्हेंबर, बुधवार

खोटं एकदा बोललं की त्याला दाणापाणी घालावं लागतं.

नवा अंक पूर्ण ओटोच्या अंत्यविधीचा! पहिल्याच पानावर चर्च, सगळं गाव काळ्या कपड्यांत, सगळ्यांच्या माना खाली.

"काय रे? उघडला का?"

"उघडला. चर्च आहे. गाव जमलंय."

"कशाला?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "लग्न आहे."

"कुणाचं?"

"ओटोचं."

मार्लिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "पंच्याहत्तरीचा ओटो लग्न करतोय?"

"बेकरीवालीशी."

"कपडे कसले आहेत सगळ्यांचे?"

"काळे. एकदम रुबाबदार."

"आणि ओटो कुठाय?"

ओटो पेटीत होता. "तो... अजून यायचाय. उशीर केलाय त्याने."

त्यावर ती जी हसायला लागली! टेबल धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "उशीर केलाय!" म्हणायची आणि पुन्हा सुरू. ऑगस्टमध्ये डोळे जास्त बिघडले, त्यानंतर तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही सुटलो. केक आणला, पाद्र्याला नाचवलं, नेलच्या हाती फुलं दिली. ती विचारत गेली, मी सांगत गेलो. नवरीचा पोशाख कसा, व्याही कोण, जेवायला काय. मी म्हटलं, धुरी दिलेला मासा आणि जंगली तांदळाचं सूप. म्हणाली, "कंजूस आहे बेकरीवाली."

लेखकापेक्षा मी काही वाईट लिहीत नाही, असं आज वाटलं.


९ नोव्हेंबर, शनिवार

शेगडीची बटणं काढून ठेवली. मार्लिसने हात फिरवून बघितलं.

"बटणं कुठायत?"

"माझ्याकडे. स्वयंपाक मी करीन."

"तू? तुला अंडं उकडता येत नाही."

"शिकेन."

"गॉर्डी, चाळीस पोरं भरलेली बस मी बर्फातून टेकडीवरून खाली आणायचे."

"तेव्हा तुला दिसायचं."

बोलायला नको होतं. ती बाहेरच्या खोलीत गेली. पण बटणं मी दिली नाहीत. काळजी घेणं म्हणजे मवाळपणा नव्हे. संध्याकाळी अंडी उकडली. कच्ची राहिली.


४ डिसेंबर, बुधवार

या अंकात शब्दच नाहीत. एकही फुगा नाही. नेल तिच्या स्वयंपाकघरात एकटी आहे. सिंकमध्ये पाणी भरते, त्यात हात घालते, काढते. पुन्हा घालते. पाणी ऐकत नाही. चौकटीमागून चौकट तेच, खिडकीतला उजेड तेवढा बदलत जातो. अशा अंकाचे कुणी पैसे कसे घेऊ शकतं? वाचकांच्या पत्रांच्या पानावर सगळे लेखकावर तुटून पडलेत. कुणी लिहिलंय, 'आमची नेल परत द्या.' मी त्यांच्या बाजूचा आहे.

मी मार्लिसला बर्फाचा राक्षस दिला. सरोवरातून वर येतो, पुलावर चढतो, नेल त्याला हाणते. आवाजही काढून दाखवले.

ती ऐकत होती. पण या वेळी हसली नाही. मध्येच म्हणाली, "ती रडतेय का रे?"

"कोण? नेल? छे! राक्षसाचा हात उपटतेय."

"बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "रडली तरी चालेल तिला."

मी म्हटलं, "कशाला रडेल? जिंकतेय."

ती झोपायला गेल्यावर ते सिंकचं पान पुन्हा उघडलं. का ते माहीत नाही. चांगलं काढलंय, एवढं कबूल करतो. हात मात्र पाण्याखाली लपवलेत.


८ जानेवारी, बुधवार

मार्लिसला दुकानात आत यायचं होतं. दर बुधवारी तिथे चार-पाच जण जमून नव्या अंकावर भांडतात, त्यात ती मुख्य. मी म्हटलं, पायऱ्यांवर बर्फ आहे, तू गाडीतच बस, मी घेऊन येतो. पायऱ्या झाडलेल्या होत्या. पण ती आत गेली असती तर ओटो मेल्याचं कुणीतरी बोललंच असतं.

डेलियाने अंक पिशवीत घालून दिला आणि वर म्हणाली, "कोच, ओटोच्या बायकोला माझा नमस्कार सांगा."

मी दचकलो. मग लक्षात आलं, ती ओटो निमीबद्दल बोलत असणार, आमच्या चर्चमधल्या. पण तो विधुर आहे. परत लग्न केलं की काय? मार्लिसला विचारलं तर म्हणाली, "आजकाल कोण कधी लग्न करेल, सांगता येत नाही."

माय यांगचा पुन्हा फोन. पुन्हा नको म्हटलं. बाई चिवट आहे.


२३ जानेवारी, गुरुवार

रिंकचं बर्फ करायचं यंत्र बिघडलं म्हणून सकाळी लवकर परतलो. मागच्या दाराने आत आलो, बूट काढत होतो. स्वयंपाकघरातून डेलियाचा आवाज. आधी वाटलं, आलीय घरी. मग दिसलं, फोन टेबलावर ठेवलाय, त्यातूनच मोठ्याने बोलतेय.

"...नेल रांगेत उभी आहे, वाळूचं पोतं पुढे देतेय. अंगरखा नाही, रबरी बूट, जुनं जाकीट. ओटोचं जाकीट आहे ते, खिशाला त्याचं ठिगळ आहे. चेहरा थकलेला. हात यानेही हातमोज्यांत लपवलेत."

"याने म्हणजे काय? चित्रकार तोच आहे," मार्लिस म्हणाली. "बावीस वर्षांत त्या माणसाला हात काढता आलेला नाही. धुक्यात लपवेल, खिशात घालेल. म्हणून तर पहिल्याच दिवशी कळलं मला, गॉर्डी पाच बोटं सांगायला लागला तेव्हा."

डेलिया हसली. मार्लिसही. आणि मी एक बूट हातात घेऊन उभा.

मार्लिसने मान वळवली. "आलास का लवकर? डेलिया, ठेवते गं."

"दर गुरुवारी?" मी विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

"मग माझ्याकडून कशाला वाचून घेत होतीस?"

"तुझी गोष्टही ऐकायची होती. ओटोच्या लग्नाला मी मनापासून हसले. मला हसायचंच होतं त्या दिवशी. दर महिन्याला वाटायचं, या वेळी खरं सांगेल. या वेळी तरी सांगेल. नाही सांगितलंस. चालेल. ते कॉमिक आहे." ती उठून उभी राहिली, टेबलाची कड धरून. "पण परवा मी त्या काठी शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचा कुणाचा फोन कसा आला नाही? त्या म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी दर वेळी नको सांगितलं. तुम्ही कोसळाल म्हणाले."

मी म्हटलं, "मला वाटलं..."

"मी कोसळले होते का रे? कधी पाहिलंस?"

मला आठवेना.

"तो फोन माझा होता, गॉर्डी. तो माझ्यासाठी आला होता."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरं ओरडतात, आईबाप ओरडतात, मला सवय आहे. ही भिंतीला हात लावत जिना चढली आणि तिने दार लावून घेतलं.


२४ जानेवारी, शुक्रवार

आमच्या लेकीच्या जुन्या खोलीत झोपली. शेगडीची बटणं परत बसवली.


२९ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी मार्लिसने सगळे अंक माझ्यासमोर आणून ठेवले. "ऑक्टोबरपासून. जसं आहे तसं."

"डेलियाने वाचलेत ना तुला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचेत."

वाचायला घेतलं. पूर आला, नेल धक्क्यावर आली. मी सांगितलं, हात वर केला आहे, बोटं धुक्यात आहेत. पाणी थांबलेलं नाही. धक्क्यावरून वर चढतंय. तिच्या चेहऱ्यावर भीती नाही, नुसता प्रश्न आहे, की हे काय झालं. मग होडी. मग ती टोपी.

टोपीपाशी माझा आवाज गेला. कागदावरचा म्हातारा, त्याला ऑक्टोबरच्या आधी मी ओळखतही नव्हतो. पाणी प्यालो, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलं. मार्लिसने घाई केली नाही. माझा हात शोधून त्यावर आपला ठेवला. तिच्यासाठी वाचत होतो आणि तीच मला धरून बसली होती. उलटंच झालं सगळं.

सिंकचं पान आलं तेव्हा ती म्हणाली, "इथे तू राक्षस आणलास."

"हो."

"राक्षस चांगला होता. पण मला हे हवं होतं. त्या महिन्यात मीही रोज तेच करत होते. तू रिंकवर गेलास की फोटोंचा अल्बम घ्यायचा, खिडकीशी धरायचा. डोळ्यांना म्हणायचं, बघा. ते काही ऐकायचे नाहीत."

मला हे ठाऊक नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.


१२ फेब्रुवारी, बुधवार

माय यांग आली. मला वाटलं होतं, कुणी पोक्त बाई असेल. तिशीची, ठेंगणी, गुडघ्यापर्यंत जाकीट. आईबाप लाओसमधले, ही सेंट पॉलमध्ये वाढलेली. थंडीबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी कोट चढवला. ती म्हणाली, "तुम्ही कुठे, मिस्टर टॉलेफसन?"

"तुमच्याबरोबर."

"तुम्ही घरात."

"रस्ता घसरडा आहे."

"म्हणूनच आज आले. उन्हाळ्यात कुणीही चालेल."

या वाक्यावर मार्लिस तिच्यावर खूश.

दोघी गेल्या. मी गाडी काढली, मागे दूरवरून हळूहळू. पुढच्याच कोपऱ्यावर मार्लिस थांबली, मागे वळून काठी माझ्या दिशेने उगारली. घरी आल्यावर म्हणाली, "तुझ्या गाडीच्या इंजिनचा पट्टा किंचाळतो. इंजिन ऐकायला डोळे लागत नाहीत. घरी बसायचं म्हणजे बसायचं."


२० फेब्रुवारी, गुरुवार

पडली. सुपीरियर स्ट्रीट ओलांडताना कडेच्या बर्फात काठी अडकली, पाय गेला. हनुवटीला टाके, उजवं मनगट सुजलंय. दवाखान्यात मी माय यांगला बाजूला घेतलं आणि काय वाटेल ते बोललो. म्हटलं, हे आता बंद. तिची जबाबदारी माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची पोरं बर्फावर पडायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

'ऊठ, खेळायला लाग' म्हणायचो, ते गावातल्या निम्म्या बाप्यांना पाठ आहे.

आतून मार्लिस ओरडली, "बाहेर माझ्याबद्दल बोलताय ते आत येऊन बोला! आणि उद्या किती वाजता ते ठरवा."


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेली. काठी डाव्या हातात धरून. मी आत बसून चांदीचे चमचे पुसले. दोनदा.


५ मार्च, बुधवार

मार्चचा अंक. नेलने सगळ्या गावाला बंधाऱ्यावर उभं केलंय. तिला आता कुणी ब्रेकवॉटर म्हणत नाही, नेल म्हणतात. पाणी वाढतंय, पोती पुढे सरकतायत, एक म्हातारी कॉफी वाटतेय. बेकरीवालीही आहे रांगेत. मार्लिस म्हणाली, "बिचारी, विधवा झाली," आणि आम्ही दोघंही हसलो.

मी आता बरा सांगतो. उजेड कुठून येतोय ते सांगतो, कोण कुणाकडे बघत नाही ते सांगतो. शेवटचं पान मोठं, एकच चित्र. रांग पार टोकापर्यंत गेलीय आणि त्या रांगेत नेल कुठे आहे ते शोधावं लागतं. मी शोधली. दिसल्यावर असा आनंद झाला की टेबलावर थापच मारली. मार्लिस म्हणाली, "सांग ना, कुठाय?"

"डावीकडून जरा आत. एका बाईच्या मागे. पोतं घेऊन वाकलेली."

"बावीस वर्षं मुखपृष्ठावर मध्यभागी असायची ती," मार्लिस म्हणाली.

लेखकाबद्दल मी जे म्हणालो होतो ते मागे घेतो. त्याला कळणार नाही, तरी मागे घेतो.


२ एप्रिल, बुधवार

सकाळी मार्लिस म्हणाली, "दुकानात मी जाते. बसने. एकटी."

मनगट बरं झालंय. माय यांगने रस्ता पाठ करून घेतलाय. माझ्याजवळ नाही म्हणायला कारण नव्हतं आणि म्हणायचा हक्क तर नव्हताच. दाराशी उभा राहून तिच्या मफलरची गाठ बांधायला गेलो, तिने हात बाजूला केला, स्वतः बांधली.

दुपारी उशिरा परत आली. गाल लाल, पिशवी काखेत. बसचा चालक नवा पोरगा होता, वळणावर गिअर चुकवतो, त्याला उतरताना सांगून आली. दुकानात यथेच्छ भांडून आली. "कशावर भांडलात?" विचारलं तर म्हणाली, "तू आधी वाच. मी कुणाला शेवट सांगू दिला नाही. कान बंद करून बसले होते."

मुखपृष्ठावरच लेखकाचं नाव बदललेलं. मार्चमधला गेला. लोकांनी पत्रांवर पत्रं लिहून घालवला.

वाचायला लागलो. पूर बंधाऱ्याशी आलाय, पोती निसटतायत. आणि आकाशातून वीज पडते, सरळ नेलच्या डोक्यावर. पुढच्या पानावर ती हवेत आहे, अंगावर निळा अंगरखा कुठून आला कोण जाणे, हात वर, पाणी भिंतीसारखं उभं. रांगेतले सगळे पोती टाकून टाळ्या वाजवतायत.

मी थांबलो. खरं सांगतो, मनात आलं की हे गाळावं. वीज पडलीच नाही म्हणावं. रांग टिकली, पहाटेपर्यंत पोती रचली आणि पाणी उतरलं, असं सांगावं. मला ते छान सांगता आलं असतं, तिने पाहिलेल्या कुठल्याही अंकापेक्षा छान.

"का थांबलास?"

"वीज पडली," मी म्हणालो. "तिची शक्ती परत आली."

"पुढे वाच."

"ओटो जिवंत आहे."

"काय?"

"एका गुहेत होता म्हणे. दाढी वाढलीय."

मार्लिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, रडतेय. खांदे हलत होते. हात काढले तेव्हा कळलं, हसतेय. "निदान लग्न तरी लावायचं होतं त्याचं!" मग हसता हसता खरंच रडली. मी पान उलटलं नाही. बसून राहिलो.

नंतर मी म्हटलं, "बंद करू हे. डेलियाला सांगतो, पुढचे अंक ठेवू नकोस. फसवलंय त्यांनी."

"फसवलंय," ती म्हणाली. "पण बंद नाही करायचं."

"या असल्या गोष्टीसाठी तू बसने जाणार?"

"बावीस वर्षांत सहा लेखक झाले, गॉर्डी. एकाने तिला चंद्रावर पाठवलं होतं. एकाने दोन वर्षं जुळी बहीण आणली होती. हे काय पहिल्यांदा होतंय? वीज पडली म्हणजे रांग पुसली गेली असं नाही. मार्चचा अंक आहे ना माझ्या कपाटात? तो कुणी परत नेऊ शकत नाही. पुन्हा कुणीतरी येईल, ज्याला ती रांग आठवत असेल. तोवर मी त्यांची पाठ सोडणार नाही. त्यांना वाटत असेल, टाळ्या वाजवून सगळे घरी जातील. मी नाही जाणार."

मग नाक पुसून म्हणाली, "आता त्या विजेचं चित्र नीट सांग. भांडायला तपशील लागतात."


६ एप्रिल, रविवार

सरोवरातला बर्फ फुटलाय. बंदराच्या तोंडाशी मोठी जहाजं यायला लागली. चर्चमधून आल्यावर मार्लिसने बूट बदलले.

"बंदरात शिरायच्या कालव्यापर्यंत जाऊन येते. जहाजाचा भोंगा जवळून ऐकायचाय."

"उतार आहे बरं का."

"माहीत आहे."

"परत येताना चढ."

"तोच उतार, गॉर्डी."

गेली. काठीचा आवाज अंगणाच्या फरशीवर ऐकू आला, मग रस्त्यावर, मग नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार खालच्या चौकापर्यंत दिसतं. मी खुर्ची उचलून पाठ खिडकीकडे केली आणि हे लिहायला बसलो. शेगडीवर सूप आहे. तिने करून ठेवलंय, मला फक्त ढवळायला सांगितलंय.

भोंगा झाला. एक लांब, दोन छोटे. कालव्यावरच्या उचलपुलानेही भोंगा वाजवून उत्तर दिलं. ती तिथवर पोचली असेल किंवा नसेल. वाऱ्याचा जोर वाढलाय. मफलर घेतला होता, टोपी घेतली की नाही ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. नको होतं. सूप ढवळून आलो.

खूप वेळ झाला. घड्याळ बघत नाहीये.

दाराशी काहीतरी खडखडलं. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज. आता ती कुलूप चाचपतेय, एकदा चुकलं, पुन्हा चाचपतेय. मी उठत नाहीये. किल्ली तिच्याकडे आहे.